मणक्यांच्या ऑस्टिओपोरोसिसवर फ्लोराइड: जुनी चिठ्ठी हाती आली तर काय करावे

साठी-सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या मणक्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस आहे, असे निदान झाले की घरातले लोक शोधाशोध करू लागतात, आणि त्यात केव्हातरी ‘फ्लोराइडने हाड घट्ट होते’ हे वाक्य समोर येते. कधी ते जुन्या वैद्यकीय पुस्तकात सापडते, कधी परदेशात राहिलेल्या एखाद्या नातेवाईक बाईंच्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर सोडियम फ्लोराइडचे नाव दिसते, तर कधी दातांच्या पेस्टवरून कोणीतरी तर्क लढवते की जे दातांना चालते ते मणक्यांनाही चालावे. मणक्यांसाठी फ्लोराइड पोटात घेऊ नये, हे या लेखाचे पहिले आणि सरळ उत्तर आहे. तरीही ते वाक्य सर्वस्वी खोटे नसल्यामुळे केवळ ‘घेऊ नका’ एवढे सांगून भागत नाही. फ्लोराइडने मणक्यांची घनता खरोखर वाढते, तपासणीचा अहवाल खरोखर सुधारतो आणि तरीही हाड मोडायचे थांबत नाही. हे एकदा नीट समजले, तर पुढे इतर औषधांचे अहवाल वाचतानाही फसगत होत नाही.

ही कल्पना आली कोठून

१९३२ साली कोपनहेगनमध्ये क्रायोलाइट नावाच्या खनिजावर काम करणाऱ्या कामगारांच्या क्ष-किरण चित्रांत त्यांची हाडे नेहमीपेक्षा पांढरी आणि दाट दिसली. या खनिजात फ्लोराइड भरपूर असते आणि त्याची धूळ कामगारांच्या पोटात जात होती. १९३७ साली आपल्याकडे, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात, विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे पाठीचा कणा ताठ होऊन माणसे वाकू शकेनाशी झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या दोन्ही ठिकाणी रोग झाला होता तो फ्लोराइडच्या अतिरेकाने. परंतु त्या चित्रांतील दाट हाड पाहून काही डॉक्टरांच्या मनात उलटा विचार आला की ज्या म्हाताऱ्या बायकांची हाडे विरळ झाली आहेत त्यांना हेच मोजून दिले तर काय होईल. १९६१ साली अमेरिकेत सोडियम फ्लोराइडचा असा पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि पुढची तीस वर्षे हाडांच्या डॉक्टरांना या औषधाची मोठी आशा वाटत होती.

त्या आशेला आधारही होता. तोपर्यंतची बहुतेक औषधे हाडाची झीज कमी करत. फ्लोराइड मात्र नवे हाड घालणाऱ्या पेशींना कामाला लावत असे. १९८२ साली अमेरिकेतून आणि १९८८ साली फ्रान्समधून आलेल्या अभ्यासांत फ्लोराइड घेणाऱ्या बायकांचे मणके कमी मोडल्याचे दिसले. जर्मनी आणि फ्रान्ससह युरोपातील काही देशांत ते रीतसर लिहून दिले जाऊ लागले. तेव्हा ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आज नावे ठेवण्याचे कारण नाही. हाती असलेल्या माहितीवर त्यांनी घेतलेला निर्णय समजण्यासारखा होता.

मग १९९० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मासिक पाळी गेलेल्या आणि मणके आधीच दबलेल्या २०२ बायकांपैकी निम्म्यांना रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी दिली गेली. कॅल्शियम रोज १५०० मिलिग्रॅम सर्वांनाच होते. चार वर्षांनी फ्लोराइडच्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्के जास्त भरली. एवढी वाढ ऐकून कोणालाही औषध यशस्वी झाले असेच वाटेल. परंतु नवे मणके मोडण्याच्या घटना फ्लोराइडच्या गटात १६३ आणि दुसऱ्या गटात १३६ होत्या, म्हणजे उपयोग शून्य. आणि मणक्यांव्यतिरिक्त इतर हाडे मोडण्याच्या घटना फ्लोराइडच्या गटात ७२ तर दुसऱ्या गटात २४, म्हणजे नेमक्या तिप्पट. मनगटाजवळच्या घट्ट हाडाची घनता तर उलट ४ टक्क्यांनी घटली होती. पोटदुखी, मळमळ आणि पायांच्या दुखण्यामुळे ५४ बायकांची मात्रा कमी करावी लागली; दुसऱ्या गटात अशा २४ होत्या.

यानंतरही प्रयत्न सोडला गेला नाही. १९९५ साली टेक्सासमधून मंद गतीने विरघळणाऱ्या, कमी मात्रेच्या फ्लोराइडचा चांगला निकाल आला. बारा महिने गोळी आणि दोन महिने सुट्टी अशी त्याची पद्धत होती. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने अनुकूल मत दिले, परंतु अंतिम मंजुरी मिळाली नाही. १९९८ साली फ्रान्समधील ३५४ बायकांच्या दोन वर्षांच्या अभ्यासात घनता १०.८ टक्के वाढली, दुसऱ्या गटात २.४ टक्के, मणके मोडण्यात मात्र फरक पडला नाही. २००० साली अकरा अभ्यास एकत्र मांडून पाहिले तेव्हा चित्र तेच राहिले: घनता वाढते, मणके मोडायचे थांबत नाहीत आणि चार वर्षांच्या वापरानंतर इतर हाडे मोडण्याचा धोका वाढतो. आज ऑस्टिओपोरोसिसच्या कोणत्याही प्रमुख मार्गदर्शक सूचनांत फ्लोराइडची शिफारस नाही.

दाट हाड मजबूत का नसते

हाडातील खनिजाच्या स्फटिकात फ्लोराइड शिरते आणि तेथील एका घटकाची जागा घेते. त्यामुळे स्फटिक मोठे होतात, त्यांची रचना बदलते आणि हाडाची किंचित लवण्याची शक्ती कमी होते. शिवाय नवे हाड इतक्या घाईने घातले जाते की त्यात कॅल्शियम पुरेसे भरत नाही आणि काही भाग कच्चाच राहतो. ते कॅल्शियम मिळवण्यासाठी शरीर हातापायांच्या घट्ट हाडांतून उसनवारी करते. गुळाची चिक्की वेताच्या काठीपेक्षा किती दाट असते, पण कोणती कडकन मोडते हे सांगायला नको. मणक्याच्या आतील भाग जाळीदार असल्यामुळे तेथे नवे हाड भराभर चढते आणि यंत्रावर आकडा वाढतो. खुबा आणि मनगट यांची ताकद ज्या घट्ट सालीवर अवलंबून असते ती साल मात्र दुबळी होते.

यंत्र हाडातील खनिज मोजते, हाडाची ताकद मोजत नाही. ही गोष्ट फ्लोराइडपुरती नाही. स्ट्रॉन्शियम रॅनिलेट नावाचे औषध काही वर्षे आपल्याकडेही दिले जाई. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमपेक्षा जड असल्यामुळे त्यानेही यंत्रावरचा आकडा प्रत्यक्षाहून अधिक फुगत असे. त्याचा मणक्यांना थोडा खरा उपयोग होता, परंतु हृदयाच्या धोक्यामुळे युरोपात २०१४ साली त्यावर कडक बंधने आली.

घरात कोणी फ्लोराइड घेतले असेल तर

सध्या कोणी अशी गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावे आणि गोळीची पट्टी किंवा बाटली सोबत न्यावी. बाटली हरवली असेल तर चिठ्ठी, तीही नसेल तर साधारण किती वर्षे आणि दिवसातून किती गोळ्या घेतल्या हे लिहून न्यावे. सोबत चालू असलेले कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आपल्या मनाने बंद करू नये, कारण फ्लोराइडच्या काळात हाडाला त्यांची जास्तच गरज असते.

मूत्रपिंडे नीट काम करत आहेत की नाही हे रक्तातील क्रिएटिनिनवरून पाहून घ्यावे. फ्लोराइड लघवीवाटे बाहेर जाते, त्यामुळे मूत्रपिंड दुबळे असलेल्या बाईच्या हाडांत ते अधिक साठते. घोटा, टाच, गुडघा यांच्या आसपास एका जागी दुखत असेल आणि उभे राहिल्यावर किंवा चालल्यावर ते वाढत असेल, तर त्याला संधिवात म्हणून सोडून देऊ नये. फ्लोराइड घेणाऱ्यांमध्ये अशा दुखण्यामागे हाडातील बारीक चिरा आढळलेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी गोळी घेऊन थांबवलेली असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु हाडात बसलेले फ्लोराइड निघायला वर्षानुवर्षे लागतात, म्हणून घनतेची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती आधीच द्यावी. एरवी कमरेचा आकडा छान दिसेल आणि उपचाराची गरज असलेली बाई ‘सर्व ठीक’ असा शेरा घेऊन घरी येईल.

पेस्ट, चहा आणि पाणी यांच्याबद्दलचा गोंधळ थोड्या हिशेबाने सुटतो. ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइडमध्ये सुमारे ३४ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे कमाल मर्यादेचे पाणी तीन लिटर प्यायले तरी ४.५ मिलिग्रॅमच होतात. पेस्टमधील फ्लोराइड दातांवर वरून काम करते आणि चूळ भरून टाकले जाते, त्याचा मणक्यांशी संबंध नाही. ती बंद करण्याचे कारण नाही आणि हाडांसाठी गिळण्याचे तर मुळीच नाही. चहाच्या पानात फ्लोराइड साठते हे खरे आहे. अमेरिकेत सत्तेचाळीस वर्षांच्या एका बाईने सतरा वर्षे रोज १०० ते १५० चहाच्या पुड्यांचा अर्क पिऊन हाडांचा फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडच्या अतिरेकाने होणारा रोग, ओढवून घेतल्याची नोंद २०१३ साली झाली. सकाळ-संध्याकाळचा कपभर चहा त्या हिशेबात बसत नाही.

उसण की मोडलेला मणका

आता मूळ दुखण्याकडे वळावे, कारण खरा वेळ येथे वाया जातो. आपल्याकडे पाठीच्या कोणत्याही दुखण्याला ‘मणक्यात गॅप आहे’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि अचानक आलेल्या कळेला ‘उसण भरली’ म्हणतात. ऑस्टिओपोरोसिसमध्ये मणका मोडतो तो काठी मोडल्यासारखा नव्हे, तर पुठ्ठ्याचा खोका पुढच्या बाजूने चेपावा तसा. आणि त्यासाठी पडावेही लागत नाही. पिंपातून तांदूळ काढायला वाकणे, ओल्या चादरीची बादली उचलणे, जोराची शिंक येणे एवढे पुरते. असे मोडलेले सुमारे दोन तृतीयांश मणके डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत.

म्हणून घरच्या घरी उंची मोजावी. माझ्या एका आत्यांच्या बाबतीत पहिला पुरावा साडीने दिला: वर्षानुवर्षे नेसलेली साडी पायात येऊ लागली, फॉल फरशीला घासून काळा पडू लागला, आणि त्या आपल्या निऱ्या जास्त खोचत राहिल्या. घरात कोणालाही ते उंचीशी जोडून पाहावेसे वाटले नाही, मलाही नाही. उंची मोजण्यासाठी दाराची चौकट पुरते. सकाळी उठून हिंडू-फिरू लागल्यावर, कारण दिवसभरात उंची थोडी घटते, चपला आणि अंबाडा काढून टाचा, ढुंगण आणि जमेल तेवढी पाठ चौकटीला टेकवून उभे राहावे आणि नजर समोर ठेवावी. दुसऱ्या माणसाने जाड पुठ्ठ्याचे पुस्तक डोक्यावर आडवे धरून त्याचा काठ चौकटीला काटकोनात टेकवावा आणि त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने रेघ ओढावी. तीन वेळा मोजून मधला आकडा धरावा. डोके चौकटीला टेकतच नसेल तर ते जबरदस्तीने मागे ढकलू नये. मधले अंतर मोजून तेही लिहावे, कारण पाठीला आलेला बाक त्या अंतरावरून कळतो.

तरुणपणीची उंची ठाऊक नसेल तर वाव मोजावी. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे हे अंतर, ज्याने पूर्वी दोर आणि विहिरीची खोली मोजत, तरुणपणीच्या उंचीच्या जवळपास असते आणि वयाबरोबर फारसे बदलत नाही. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटिमीटरने किंवा आधी नोंदवलेल्या मापापेक्षा २ सेंटिमीटरने कमी भरली, तर पाठीचा बाजूने घेतलेला क्ष-किरण फोटो काढून घ्यावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये दोन बोटेही मावत नसतील, तर तेही मणके दबल्याचे लक्षण समजावे.

अचानक तीव्र कळ आली असेल तर पाठ चोळून घेणे, कोणाकडून ‘बसवून’ घेणे किंवा नातवाला पाठीवर चालायला लावणे हे प्रकार पूर्ण टाळावेत. आधीच चेपलेला मणका त्याने आणखी चेपू शकतो. दोन-तीन दिवस विश्रांती, डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक आणि मग हळूहळू चालणे एवढे करावे. आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहिल्याने हाड अधिकच विरते. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, ताप येत असेल, वजन उतरत असेल किंवा पडून राहूनही रात्री वेदना थांबत नसतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग विरळ नाही, आणि मायलोमासारखा कर्करोगही मणका अगदी असाच मोडू शकतो. दबलेला प्रत्येक मणका वयामुळेच दबला असे धरून चालणारा डॉक्टर भेटला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे असे मी सांगेन.

आज कोणते उपचार आहेत आणि ते कसे घ्यावेत

घनतेच्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून येणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. परंतु किरकोळ कारणाने मणका आधीच दबलेला असेल तर आकडा बरा असूनही उपचार लागतो. सोबत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी, म्हणजे दुसरे कारण असल्यास ते निसटत नाही.

बहुतेकींना प्रथम बिस्फॉस्फोनेट गटातील औषध दिले जाते. यांपैकी अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि ती वाया जाते ती बहुधा चहामुळे. ही गोळी पोटात मुळातच फार थोडी शोषली जाते. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी किंवा एखादे बिस्किट सोबत गेले तर जवळजवळ काहीच शोषले जात नाही. म्हणून उठल्याबरोबर, उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती घ्यावी आणि पुढचा किमान अर्धा तास बसून, उभे राहून किंवा घरात हिंडून काढावा. आडवे झाल्यास गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे जखम होऊ शकते. चहाचे आधण त्या अर्ध्या तासानंतरच ठेवावे, कारण समोर वाफाळता कप असताना थांबणे कोणालाही जड जाते. वार ठरवून टाकावा. सोमवार किंवा गुरुवारचा उपास करणाऱ्या बायका त्याच सकाळची गोळी सहसा विसरत नाहीत, फक्त उपासाचा चहा-दूध नंतर घ्यावे. अन्ननलिकेचा त्रास असलेल्या किंवा ताठ बसता न येणाऱ्या बाईंसाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक आम्लाचे ५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन हा मार्ग आहे. त्याआधी मूत्रपिंडांची तपासणी हवी आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढलेली हवी.

डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात. ते चांगले औषध आहे, परंतु ते मध्येच सोडले तर झीज उसळी घेते आणि काही बायकांचे एकापाठोपाठ अनेक मणके मोडतात. पुढची तारीख पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहावी, आणि मुलाकडे परदेशी सहा-आठ महिने जायचे असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून सोय लावावी. ते थांबवायचे ठरले तरी दुसरे औषध सुरू करूनच थांबवावे. बिस्फॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब या औषधांपूर्वी दातांची मोठी कामे उरकून घ्यावीत, कारण क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही. आणि काही वर्षांच्या वापरानंतर मांडीत किंवा जांघेत खोल दुखू लागले तर ते लगेच सांगावे.

फ्लोराइडकडून जे अपेक्षित होते, म्हणजे नवे आणि मजबूत हाड घालणे, ते काम आज टेरिपॅराटाइड करते. रोज २० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन पेनाने घरीच घ्यायचे, ते फ्रिजमध्ये ठेवायचे, साधारणपणे दोन वर्षांपर्यंत चालवायचे आणि नंतर बिस्फॉस्फोनेटने ते हाड राखायचे, अशी ही पद्धत आहे. अनेक मणके दबलेल्या बाईसाठी त्याचा विचार आधी व्हावा. खर्च मोठा असतो, म्हणून पहिल्या भेटीतच पूर्ण मुदतीचा हिशेब विचारून घ्यावा. सहा महिन्यांनी पैशाअभावी सोडलेला उपचार जवळजवळ फुकट जातो.

कॅल्शियम अन्नासह दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम मिळावे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास आणि तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आसपास कॅल्शियम असते. तीळ आणि पालेभाज्या वेगळ्या. उरलेले तेवढे गोळीने भरावे. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर घ्यावी. ड जीवनसत्त्वाची साठ हजार एककांची पुडी आठवड्याची असते, रोजची नव्हे. ती रोज घेऊन कॅल्शियम वाढलेली माणसे रुग्णालयात येतात.

व्यायामात पुढे वाकणे टाळावे. १९८४ साली मेयो क्लिनिकमधून ५९ बायकांचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मागे झुकण्याचे व्यायाम करणाऱ्या २५ जणींपैकी ४ जणींचे, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ९ जणींपैकी ८ जणींचे मणके नव्याने दबले. आकडे लहान असले तरी दिशा स्पष्ट आहे. पश्चिमोत्तानासन आणि हलासन सोडून द्यावे. पालथे पडून छाती हलकेच उचलणे चालते, तेही प्रथम फिजिओथेरपिस्टसमोर करून पाहावे. व्यायामाचे अर्धे तास सांभाळून उरलेला दिवस वाकण्यात घालवण्याला अर्थ नाही, म्हणून लांब दांड्याचा झाडू घ्यावा, पिंपे ओट्याच्या उंचीवर आणावीत, पोळ्या उभ्याने लाटाव्यात, आणि जमिनीवरचे काही उचलायचेच असेल तर गुडघ्यांत बसून ते पोटाशी धरून उठावे. न्हाणीघरात दांडी बसवावी.

फ्लोराइडच्या पाण्याच्या गावात

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत खोल विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे. अशा गावात आयुष्य काढलेल्या बाईच्या मणक्यांना, कोणी गोळी दिली नसतानाही, फ्लोराइडची ‘मात्रा’ मिळालेली असते. तिची पाठ आणि मान ताठ असते, हनुवटी छातीला टेकत नाही, हात मानेमागे जात नाहीत, आणि लहानपणापासून तेथेच वाढली असेल तर दातांवर तपकिरी पट्टे असतात. तिचा डेक्साचा आकडा उत्तम येऊ शकतो आणि तरी तिचे हाड मोडू शकते. म्हणून आकड्यावर न थांबता पाठीचा आणि कोपराखालच्या हाताचा क्ष-किरण फोटो काढून घ्यावा. हाताच्या दोन हाडांमधल्या पडद्यावर चुना चढलेला दिसला तर फ्लोरोसिसची खूण पटते.

पाणी जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेता येते. नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत न्यावा, काचेच्या नव्हे, कारण फ्लोराइड काचेशी अभिक्रिया करते. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. साध्या मेणबत्ती-फिल्टरनेही ते जात नाही. आरओ किंवा सक्रिय अॅल्युमिनाचा फिल्टर उपयोगी पडतो. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनेच काढली, परंतु तिची प्रमाणे पाण्यागणिक बदलतात, त्यामुळे ती घरी अंदाजाने करू नये. गावात फ्लोराइड कमी असलेली उघडी विहीर असेल, तर निदान पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी तिचे घ्यावे. मात्र ते गाळून, उकळून.

उपचार सुरू झाल्यावर डेक्सा पुन्हा एक ते दोन वर्षांनी आणि शक्यतो त्याच यंत्रावर करावी. वय झालेल्या पाठीत मणक्यांच्या कडांना वाढलेली हाडे आणि दबून आखूड झालेले मणके हेही कमरेचा आकडा वाढवतात, त्यामुळे सुधारणा पाहायची ती खुब्याच्या आकड्यात. अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूस त्या वर्षात कोणते हाड मोडले, किती वेळा पडणे झाले आणि उंची किती भरली एवढे तीन ओळींत लिहून ती बाजू डॉक्टरांसमोर आधी ठेवावी. दाराच्या चौकटीवरच्या प्रत्येक रेघेशेजारी तारीख घालावी, आणि घराला रंग द्यायचा झाला तर रंगाऱ्याला सांगून चौकटीचा तेवढा भाग सोडायला लावावा.